एकोणीस तारखेचा केसपेपर

१२ जानेवारी, सोमवार

सरांनी आज केसपेपर टेबलावर आपटला! तोही चंद्रा सिस्टरसमोर.

"रुचिका, हा केसपेपर आहे की चाळीतलं भांडण?"

मी लिहिलं होतं — पेशंट बेवडा, बायको रडून सांगते तरी ऐकत नाही, डोक्याला ताप. आता यात खोटं काय? बेवडा आहेच तो. सकाळी दहा वाजता वास येत होता! पण सरांचं म्हणणं, 'हिस्टरी ऑफ अल्कोहोल इनटेक' असं लिहायचं. "आणि डोक्याला ताप कोणाच्या, पेशंटच्या की तुझ्या?" सिस्टर फिस्सकन हसल्या. मला असा राग आला म्हणून सांगू!

मार्चमध्ये इन्स्पेक्शन आहे म्हणे. म्हणून सगळे केसपेपर आता कॉम्प्युटरवर. टाइप करायचं, प्रिंट काढायची, ती पेशंटला द्यायची. आणि भाषा प्रोफेशनल हवी. वीस खाटांचं आमचं हॉस्पिटल, अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अर्धं बुडालेलं, आणि थाट लंडनचा!

भूपेश सरांना माणूस म्हणून नावं ठेवता येत नाहीत. एमडी आहेत, हुशार आहेत, मी दोन वर्षांत त्यांच्याकडून शिकले तेवढं कॉलेजात शिकले नाही. पण चारचौघांत बोलायची गरज होती का? जेवणच गेलं नाही. सिस्टरनी डब्यातली वालाची भाजी पुढे केली. "मॅडम, राग भाजीवर कशाला?" खाल्ली. चांगली होती.

१४ जानेवारी

तीळगूळ घ्या, गोड लिहा — सरांचा आजचा विनोद. स्वतःच हसले.

पण खरं सांगू? मजा यायला लागलीय. एका वहीत शब्द उतरवून घेतलेत. 'कटकट्या' नाही, 'वारंवार शंका विचारतो'. 'औषधं घेत नाही, मरेल एक दिवस' नाही, 'पुअर कम्प्लायन्स'. 'सासूशी भांडून आलीय' नाही, 'सिच्युएशनल स्ट्रेस'. वा! एकदम मोठ्या हॉस्पिटलातली डॉक्टर झाल्यासारखं वाटतं. बीएएमएस म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी येऊन माझे केसपेपर वाचावेत.

घरी आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, "पेशंटला काय कळायचंय त्यातलं?" मी म्हटलं, तेच तर चांगलं आहे.

१९ जानेवारी, सोमवार

संक्रांतीनंतरचा सोमवार म्हणजे ओपीडीत जत्रा. बाहेर बाकावर जागा नाही, पोरं रडतायत, आणि प्रिंटर दर चौथ्या कागदाला अडकतो.

त्यात राहीबाई. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा! वडप्याच्या पुढच्या गावातली, गोडाऊनमध्ये खोके पॅक करते. चोपन्न वय, शुगर आहे. सून बरोबर असते, विनिता. आल्या आल्या टेबलाला दोन्ही हात धरून बसली आणि सुरू. "पाठीत जळतंय. जबडा दुखतोय. पोटात गच्च वाटतंय. जीव घाबरा व्हतो, मॅडम, जीव राहत न्हाय." एकदा जबडा, एकदा पाठ, एकदा पोट. मी म्हटलं, मावशी, एका जागी बोट ठेवा की! तर छातीपासून बेंबीपर्यंत हात फिरवला आणि रडायला लागली. मोठ्यानं. बाहेरचे लोक डोकावून बघायला लागले.

आणि शेवटी काय? "सर्टिफिकीट द्या, दोन दिसांचं." तिच्या सुपरवायझरला दोन दिवस रजा झाली की डॉक्टरचा कागद लागतो. मागच्या दोन्ही वेळेला तोच नेला होता. म्हटलं, हं, आत्ता कळलं दुखणं कुठे आहे ते.

आमच्या दापोड्याच्या गोडाऊनच्या गाळ्यांतही अशा बायका येतात कामाला. आई नेहमी म्हणते, यांना घरी राहायचं असलं की पोट हजर. आईचं सगळंच काही चुकत नाही.

बीपी थोडं वर होतं, नाडी जरा जलद. रडल्यावर कोणाची जलद होत नाही? सिस्टर म्हणाल्या, "ईसीजी काढू का मॅडम?" बाहेर तीसएक पेशंट. ईसीजीच्या खोलीत ड्रेसिंग चाललं होतं. मी म्हटलं, नको, ॲसिडिटी आहे. इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, सर्टिफिकेटही दिलं. इतकी काही मी दुष्ट नाही.

पण लिहिताना मात्र कमाल केली. 'रजेसाठी नाटक' असं सरळ बोटांवर आलं होतं, ते गिळलं. टाइप केलं — "पेशंट एक्झॅजरेट्स सिम्प्टम्स. सेकंडरी गेन: लीव्ह सर्टिफिकेट. रिअश्युअर्ड." सेकंडरी गेन! आजारातून दुसराच फायदा काढू बघणे. तीन ओळींत अख्खी बाई बसवली, आणि एक शब्द वावगा नाही.

विनितानं प्रिंट घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली. सगळे कागद जपून ठेवतात ही मंडळी. रेशनकार्ड जपावं तसे.

२० जानेवारी

सरांनी कालचे केसपेपर बघितले. राहीबाईच्या कागदावर थांबले. मला वाटलं, झालं, आता परत आपटणार. तर म्हणाले, "व्हेरी गुड! आता कशी डॉक्टरसारखी लिहिलीस. बाकीच्यांना दाखव हे." सिस्टरसमोर म्हणाले! शिवी सिस्टरसमोर, तशी शाबासकीही सिस्टरसमोर. फिटली.

येताना धामणकर नाक्यावरून स्वतःसाठी कुल्फी घेतली. थंडी असून.

२३ जानेवारी

शांत दिवस. सर्दी, खोकला, पॉवरलूमवरच्या एकाचं कापलेलं बोट. 'वारंवार शंका विचारतो'वाले दोन.

२९ जानेवारी, गुरुवार

अक्षर बघ कसं येतंय.

दुपारी दोनला टेम्पो आला. गोडाऊनचाच. मागे पुठ्ठ्यांवर बाई झोपवलेली. झोपवलेली कसली, तिला आडवं होताच येत नव्हतं, विनिताच्या खांद्याला धरून बसली होती, तोंड उघडं, आणि श्वास असा — घुर्रघुर्र, पाण्यातून आल्यासारखा. ओठ निळे. मी ओळखलंच नाही आधी. विनितानं "मॅडम" म्हणून हाक मारली तेव्हा ओळखलं.

राहीबाई.

ऑक्सिजन, इंजेक्शनं, सगळं केलं. सिस्टरनी न विचारता ईसीजी लावला. कागद बाहेर येत होता आणि मला त्यातलं काही वाचताच येईना. येतं मला वाचायला! रोज वाचते! सर वरून धावत आले. कागद हातात घेतला. इतका वेळ बघत राहिले की मला वाटलं, आता काहीतरी चांगलं सांगतील.

"हा आजचा ॲटॅक नाही. जुना आहे. होऊन गेलाय. आता हार्ट फेल होतंय."

जुना म्हणजे कधीचा? मी विचारलं नाही. माझ्या डोक्यात फक्त एक तारीख. एकोणीस.

राहीबाई या वेळी रडत नव्हती. एक शब्द बोलली नाही. दुखतं का म्हणून सरांनी तीनदा विचारलं, तर नुसती मान हलवत होती — नाही, नाही. छातीचा भाता चालला होता आणि बाई म्हणते दुखत नाही!

अँब्युलन्सनं ठाण्याला पाठवली. विनिता चढताना मला म्हणाली, "मॅडम, वाचतील ना आत्या?" मी काय बोलले आठवत नाही. बहुतेक 'हो' म्हटलं.

३० जानेवारी

ठाण्याच्या आयसीयूत आहे. जिवंत आहे.

जबडा. पाठ. पोटात गच्च. घाबरं होणं. शुगरची बाई. देवा! पहिल्या वर्षाच्या पोराला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. शुगरवाल्या बाईचा हार्ट ॲटॅक छातीवर हात ठेवून येत नाही. मी हे परीक्षेत लिहिलंय. मार्क मिळालेत त्याचे.

मग दिसलं कसं नाही? बसून विचार केला. मला बाई दिसलीच नाही. मी तिच्यासाठी शब्द शोधत होते. नाटकाला चांगला शब्द काय, नाटकाला चांगला शब्द काय. सापडला तेव्हा इतका आनंद झाला की तपासणं तिथेच संपलं.

आणि सिस्टरनी विचारलं होतं. 'ईसीजी काढू का मॅडम?' पाच मिनिटांचं काम.

सिस्टरनी आज नुसता चहा आणून ठेवला. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "तू काय देव आहेस का?" मी म्हटलं, आई, गप्प बस. आयुष्यात पहिल्यांदा.

२ फेब्रुवारी, सोमवार

आज जे झालं ते लिहिते. जसंच्या तसं.

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. राहीबाईचा एकोणीसचा केसपेपर स्क्रीनवर उघडा. म्हणाले, "ही भाषा प्रोफेशनल नाही."

मी बघतच राहिले! तेरा दिवसांपूर्वी हाच कागद सगळ्यांना दाखव म्हणाले होते. व्हेरी गुड म्हणाले होते.

"ठाण्याचे डॉक्टर जुने कागद मागणारच. उद्या कोणी वकील उभा केला तर? पेशंटला खोटं ठरवल्यासारखं दिसतं हे." मी म्हटलं, सर, ठरवलंच होतं. ते म्हणाले, "दिसायला नको." मग टेबलावरचं पेन फिरवत, अगदी शांतपणे, मला वाक्य सांगितलं. डिक्टेशन! — "ईसीजी अँड ॲडमिशन ॲडव्हाइज्ड. पेशंट अँड रिलेटिव्ह रिफ्यूज्ड. रिस्क एक्स्प्लेन्ड."

म्हणजे मी सांगितलं होतं आणि तीच नाही म्हणाली. विनिताही नाही म्हणाली. मी धोका समजावून सांगितला. मी!

भाषा मात्र सुंदर. एक शब्द वावगा नाही.

"तुझ्या लॉगिननं उघड, बदल, सेव्ह कर. पाच मिनिटं. आणि सून फॉलोअपला आली की तिच्याकडची जुनी प्रिंट घे, नवीन दे. इन्स्पेक्शनसाठी सगळे कागद बदलतोय म्हणून सांग." मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी वाईट माणूस नाही गं. पण खाली सही तुझी आहे. तुझ्यासाठीच सांगतोय."

तेही खरं आहे. हेच वाईट आहे. तेही खरं आहे.

मी "बघते" म्हटलं. नाही म्हणता आलं नाही मला. बघते!

३ फेब्रुवारी

बदललं नाही. तीनदा उघडलं, तीनदा बंद केलं.

४ फेब्रुवारी

सर: "झालं का?" मी: "सर्व्हर स्लो आहे." सर्व्हर स्लो! दोन वर्षांत मी याहून हुशार खोटं बोलायला शिकले नाही.

सिस्टरना विचारलं, तुम्ही असता तर काय केलं असतं? त्या इंजेक्शनं मोजत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी सिस्टर आहे मॅडम. मला विचारायचं एकदाच असतं. विचारून झालंय."

थोबाडीत बसली असती तर परवडलं असतं.

७ फेब्रुवारी, शनिवार

विनिता आली. राहीबाईला वॉर्डात आणलंय, सोमवारी घरी सोडतील. हृदय तीस टक्केच काम करतं म्हणून सांगितलंय. आता खोके उचलायचे नाहीत, जिना नाही, विहिरीवर नाही. "बसवत न्हाय त्यांना मॅडम, कामाची सवय. पलंगावरनंच मला सांगतात, हे कर, ते कर." असं म्हणून हसली जरा. आणि मग हसता हसता डोळे पुसले.

ठाण्याला जुने रिपोर्ट हवेत म्हणून तिकडे जाता जाता पिशवी घेऊन आली होती. साड्यांच्या दुकानाची पिशवी. त्यात पाच वर्षांचे शुगरचे रिपोर्ट, तारखेवार! आमच्या इन्स्पेक्शनवाल्यांनी येऊन बघावं.

आणि मी ते केलं. केलंच मी. म्हटलं, "एकोणीसची प्रिंट द्या जरा, नवीन काढून देते." विनितानं पिशवीत हात घातला, न शोधता बाहेर काढली. सगळ्यात वरच होती. "ठेवा ना मॅडम. तुमचाच कागद हाय." माझ्याकडे बघितलं नाही तिनं. मला वाटलं, घाईत असेल.

कागदाला घड्या पडून पडून चार तुकडे व्हायला आलेत. एका कोपऱ्याला हळदीचं बोट. तीन ओळी आणि खाली माझं नाव.

सर जाताना म्हणाले, "सून आली होती ना? कागद घेतला?" मी म्हटलं, नाही आणला तिनं. कागद माझ्या पर्समध्ये, आणि पर्स माझ्या मांडीवर. म्हणजे आता मी दोघांशीही खोटं बोललेय. विनिताशीही आणि सरांशीही. शाब्बास रुचिका.

१० फेब्रुवारी, मंगळवार

अगं बाई! अगं बाई!

ठाण्याहून पत्र आलं. सरांनी स्वतः माझ्या टेबलाशी येऊन वाचून दाखवलं. रक्ताच्या तपासण्यांवरून आणि राहीबाईनं तिथे सांगितल्यावरून, ॲटॅक आला तो भरतीच्या साधारण चार दिवस आधी. म्हणजे रविवारी, पंचवीसला. एकोणीसला नाही! एकोणीसला आलाच नव्हता!

मी खुर्चीवरून उठले, परत बसले, परत उठले. सर म्हणाले, "त्या दिवशी ईसीजी काढला असतास तरी कदाचित नॉर्मलच आला असता. कदाचित, हं." मला 'कदाचित' ऐकूच आलं नाही. बारा दिवसांनी पोटभर श्वास घेतला. सिस्टरना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, सलाईन सांडेल!"

मग सर म्हणाले, "आता तर प्रश्नच नाही. फक्त भाषा सुधारायची. करून टाक."

आणि मी म्हटलं, "मग बदलायचं कशाला, सर?"

मी बोलत सुटले. म्हटलं, मी तिला खोटी ठरवली, हे खरं आहे. ती ईसीजीला नाही म्हणाली, हे खोटं आहे. माझं वाईट आहे पण खरं आहे. तुमचं चांगलं दिसतं आणि ते तिच्या डोक्यावर बसतं. मी ती ओळ पुसणार नाही. खाली आजची तारीख टाकून लिहीन — ईसीजी काढायला हवा होता, काढला नाही, माझी चूक.

सर लाल झाले. "हिरोगिरी करू नकोस. पश्चात्ताप होईल." दार आपटून गेले. संध्याकाळी निघताना मात्र म्हणाले, "लिही काय लिहायचं ते. महिनाअखेरपर्यंत दुसरी जागा बघ." आवाज थकलेला होता. मला त्यांचं वाईटही वाटलं, काय सांगू.

लिहिलं. साध्या शब्दांत. सेव्ह केलं. दोन प्रती काढल्या.

नोकरी जाईल. जाऊ दे. मी तिला मरणाच्या दारात ढकललं नव्हतं! एवढं एकच डोक्यात वाजतंय.

१३ फेब्रुवारी

पण एक गोष्ट खटकतेय. पंधरा दिवसांत तीन वेळा आलेली बाई. जबडा दुखला तरी येणारी. मग पंचवीसला, खरा ॲटॅक आला तेव्हा ती आली का नाही? एकोणतीसपर्यंत, चार दिवस, घरी बसली? घरीही नाही, कामावर होती! टेम्पो गोडाऊनमधूनच आला ना.

थोडा रागही येतोय तिचा. लिहिते खरं. आली असतीस बाई त्या दिवशी, तर आज सगळं वेगळं असतं. तुझंही, माझंही.

१५ फेब्रुवारी, रविवार, सकाळ

आज वडप्याला जाते. विनिताला फोन केलाय. जुना कागद परत देणार, नवीन नोंदही देणार, आणि दोन्ही मराठीत वाचून दाखवणार. माफी मागणार. बीपीचं मशीन घेतलंय, पोर्टेबल ईसीजीचं सिस्टरनी कुठूनतरी मिळवून दिलं. काही विचारलं नाही मी.

आणि खरं सांगायचं तर तेही विचारायचंय. ती काय म्हणेल ते मला माहितीय. रजा मिळाली नाही, बस मिळाली नाही, गॅस वाटला. काहीही म्हणू दे. माझ्यामुळे नाही, एवढं ऐकायचंय मला. आहे हे असं आहे.

१५ फेब्रुवारी, दुपार

कागद पुढे धरला. म्हटलं, मावशी, यात काय लिहिलंय ते मी वाचून दाखवते.

राहीबाई म्हणाली, "म्हायती हाय मना."

विनितानं मोबाईल धरला होता म्हणे त्यावर. इंग्रजी छापील असलं की मोबाईल मराठीत सांगतो. एकोणीसलाच, घरी गेल्या गेल्या, गोळ्या कशा घ्यायच्या ते बघायला. "फोननं सांगितलं, दुखणं वाढवून सांगते. रजेसाठी. समदी घरात व्हती तवा."

मग त्या रविवारी, पंचवीसला, का नाही आलात, मी विचारलं.

"लई दुखलं वो त्या दिशी. पन मी म्हटलं, डाक्टरीण एवढी शिकलेली, तिला आतलं समदं दिसतंय. आपलंच मन खोटं असंल. मंग दुखलं की गप बसायची. सोमवारी सुट्टी व्हती, मंगळवारपासनं कामावर गेली."

रागानं नाही म्हणाली. मला समजावून सांगितल्यासारखं म्हणाली. विनिता खाली बघत होती.

मला माफी मागता आली नाही. मशीनच्या वायरी सोडवत बसले. कसंबसं विचारलं, आत्ता दुखतंय का, मावशी?

"दुखतंय थोडं," ती म्हणाली. आणि हात पुढे केला. "खरं का खोटं, ते तुमीच बगून सांगा."